अमेरिकेच्या गिरण्या कोणाच्या पदरच्या पैशावर उभ्या राहिल्या?

नव्या कारखानदारीस आरंभीची काही वर्षे सरकारने हात दिला पाहिजे, हे तत्त्व बहुतेक विचारी लोकांस मान्य आहे. आम्हांसही ते मान्य आहे. परंतु हा हात कोणाच्या पदरचा पैसा खर्चून द्यावयाचा, किती वर्षे द्यावयाचा आणि त्याचा जमाखर्च कोणी पाहावयाचा, हे प्रश्न फारसे कोणी विचारीत नाही. गिरणीमालकांच्या सभांतून ते निघण्याचे कारण नाही. आणि ज्या शेतकऱ्याच्या कमरेची थैली यात हलकी होते, त्याला ती केव्हा हलकी झाली याचा पत्ताही लागत नाही. या प्रश्नांचा विचार करण्यास अमेरिकेतील संयुक्त संस्थानांच्या पहिल्या पन्नास वर्षांचा इतिहास फार उपयोगी आहे. जकातीच्या आश्रयाने कारखाने वाढविणारा देश म्हणून अमेरिकेचे उदाहरण नेहमी पुढे करण्यात येते. ते उदाहरण शेताच्या बांधावर उभे राहून पाहिले असता कसे दिसते, हे वाचकांपुढे मांडण्याचा आमचा हेतू आहे.

इंग्लंडच्या सत्तेतून हा देश १७८३ च्या तहाने मोकळा झाला खरा. पण कापड, लोखंडी सामान इत्यादी पक्क्या मालाकरिता त्याला इंग्लंडच्याच तोंडाकडे पाहावे लागे. १७९० च्या पहिल्या खानेसुमारीत तेथील लोकसंख्या सुमारे ३९ लाख भरली व त्यांपैकी बहुतेक सर्व लोक शेतीवर पोट भरणारे होते. युद्धाच्या कर्जामुळे खजिना रिता होता. म्हणून अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी ४ जुलै १७८९ रोजी परदेशी मालावरील जकातीच्या कायद्यावर सही केली. बहुतेक मालावर ही जकात शेकडा ५ इतकी माफक होती. तरी कर्जफेड आणि कारखान्यांस उत्तेजन हे दोन्ही हेतू कायद्याच्या आरंभीच नमूद करण्यात आले होते. खजिन्याचे पहिले मंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी ५ डिसेंबर १७९१ रोजी लोकप्रतिनिधींच्या सभेस जो कारखानदारीविषयीचा अहवाल सादर केला, तो या धोरणाचा मूळ ग्रंथ समजला जातो.

हा अहवाल शेतकऱ्याच्या विरुद्ध लिहिलेला आहे, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. खरी संपत्ती काय ती जमिनीतूनच निघते, असे म्हणणारा पक्ष त्या काळी प्रबळ होता. हॅमिल्टन यांनी शेतीचे श्रेष्ठत्व मान्य करूनच त्या पक्षास उत्तर दिले. कारखान्यांपासून होणारे सात लाभ त्यांनी सांगितले: श्रमविभाग, यंत्रांचा उपयोग, रिकाम्या हातांस काम, परदेशातून कुशल कामकऱ्यांचे आगमन, निरनिराळ्या अंगच्या गुणांस वाव, उद्योगास विस्तृत क्षेत्र, आणि शेवटी जमिनीच्या पिकास देशातच खात्रीचे गिऱ्हाईक. परदेशचा बाजार हा तेथील राजांच्या लहरीवर व तेथील पाऊसपाण्यावर अवलंबून असतो. जवळच्या गावात गिरणी निघाली, तर तेथील कामकऱ्यास धान्य बाराही महिने लागते व गिरणीस कच्चा माल दरसाल लागतो. शेत आणि गिरणी यांचे हित एकमेकांत गुंतलेले आहे, हा त्यांचा सिद्धांत आजही खोडून काढता येण्यासारखा नाही. रिकाम्या हातांत त्यांनी लहान मुलांचेही हात मोजले, हे मात्र या अहवालाचे मोठेच वैगुण्य होय.

आता उपायांकडे वळू. परदेशी मालावर जकात बसविणे हा उपाय हॅमिल्टन यांनी सुचविलाच. पण कारखानदारास खजिन्यातून उघड द्रव्यसाहाय्य देणे हा उपाय काही बाबतींत त्यांना अधिक पसंत होता. त्यांची कारणे शेतकऱ्याने नीट लक्षात ठेवावीत. जकातीने मालाची किंमत चढते व मालाची टंचाई होण्याचा संभव असतो; द्रव्यसाहाय्याने तसे होत नाही. दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. कच्च्या मालावर जकात बसविली तर शेतकऱ्याचे रक्षण होते, पण गिरणीस माल महाग पडतो; ती काढली तर गिरणीचे भले होते, पण शेतकरी उघड्यावर पडतो. देशी कच्च्या मालापासून देशातच केलेल्या पक्क्या मालावर साहाय्य दिले, तर दोघांचेही काम होते. कापसासंबंधाने त्यांनी नेमके असेच सुचविले होते. परदेशी कापसावर त्या वेळी पौंडास ३ सेंट जकात होती. ती गिरण्यांच्या आड येते, तेव्हा काढून टाकावी. आणि जी गिरणी देशातला कापूस वापरील तिला त्या कापसाच्या मानाने साहाय्य द्यावे, म्हणजे गिरणी व शेत दोन्ही सुधारतील, असे त्यांचे म्हणणे होते.

लोकप्रतिनिधींनी काय केले? जकात वाढविण्याच्या बहुतेक सूचना त्यांनी १७९२ साली उचलल्या आणि द्रव्यसाहाय्याच्या सूचना बाजूस ठेवल्या. असे साहाय्य वाटण्याचा अधिकार मध्यवर्ती सरकारास घटनेने दिला आहे काय, अशी शंका मॅडिसन व जेफर्सन यांनी घेतली होती, आणि ती अगदीच पोकळ नव्हती. परंतु आमच्या मते खरी अडचण निराळी असते. साहाय्य द्यावयाचे म्हणजे दरसाल अंदाजपत्रकात आकडा लिहावा लागतो; कोणाला किती दिले व का दिले, हे चारचौघांत सांगावे लागते. जकातीत हा त्रास नाही. गिऱ्हाइकाने दुकानात दोन पैसे अधिक मोजले की साहाय्य आपोआप पोहोचते, आणि देणाऱ्याच्या नावाची पावती कोठेही फाटत नाही. म्हणूनच राज्यकर्त्यांस जकात नेहमी सोपी वाटते.

यंत्रे मात्र जकातीने येत नाहीत. ती माणसांबरोबर येतात. कापसाच्या यंत्रांचे ज्ञान बाहेर जाऊ नये म्हणून इंग्लंडने यंत्रांच्या निर्यातीस व कसबी कारागिरांच्या देशांतरास कायद्याने बंदी केली होती. सॅम्युअल स्लेटर हा डर्बिशायरमधील गिरणीत उमेदवारी केलेला तरुण १७८९ साली सर्व यंत्ररचना डोक्यात साठवून अमेरिकेस गेला. ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट येथे मोझेस ब्राउन यांच्या भांडवलावर त्याने डिसेंबर १७९० मध्ये पाण्याच्या जोरावर सूत काढून दाखविले. त्याच्या पहिल्या चात्यांवर लहान मुलेच कामास होती. याच्या उलट, हॅमिल्टन यांच्या प्रोत्साहनाने न्यू जर्सीतील पॅटर्सन येथे थाटात निघालेली मोठी कंपनी सट्टेबाज चालकांच्या हाती सापडली व १७९६ साली तिचे कारखाने बंद पडले. भांडवल आणि सनद असूनही धंद्याचे ज्ञान नसेल तर काय होते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

शेतकऱ्याचा संबंध ज्या यंत्राशी सर्वांत निकट आला, ते यंत्र सरकी काढण्याचे. लांब धाग्याचा कापूस आपल्याकडील हातरेच्यासारख्या लाटांतून निघत असे. पण दक्षिणेच्या आतील भागात पिकणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाची सरकी रुईस इतकी घट्ट चिकटलेली असे की, एका माणसाच्या हातून दिवसाकाठी पौंडभर रुई निघणेही कठीण. ईलाय विटने याने १७९३ साली जॉर्जियात यंत्र तयार केले, त्यावर एका माणसास दिवसाला ५० पौंड रुई काढता येऊ लागली. १७९४ साली त्याने त्याची सनद घेतली. पुढील भाग शेतकऱ्यांनी विसरू नये. विटने व त्याचा भागीदार मिलर यांनी यंत्रे विकण्याचे नाकारले. शेतकऱ्याने कापूस त्यांच्याकडे आणावा आणि निघालेल्या रुईपैकी दोन पंचमांश त्यांनी ठेवून घ्यावी, असा त्यांनी बेत केला. शेतकरी चिडले. गावोगावच्या लोहारांनी यंत्राची नक्कल केली, कज्जेदलाली माजली, आणि कंपनी बुडाली. यंत्र शोधणाऱ्यास मोबदला मिळू नये, असे आम्ही म्हणत नाही. पण पीक एकाचे व ते बाजारात नेण्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती, अशी स्थिती आली म्हणजे काय होते, ते येथे दिसते. सहकारी जिनाची आवश्यकता ज्यांस अजून पटलेली नाही, त्यांनी ही हकीकत वाचावी.

या यंत्राचे दुसरे फळ अत्यंत कडू होते. कापूस किफायतीचा होताच मळेवाल्यांनी नव्या जमिनी पश्चिमेकडे घेतल्या व त्या कसण्यास अधिकाधिक गुलाम नेले. १७९० साली सुमारे ७ लाख असलेली गुलामांची संख्या १८६० साली जवळजवळ ४० लाख झाली. एका कामाचे कष्ट वाचविणारे यंत्र दुसऱ्या कामाचे कष्ट शतपट करू शकते. यंत्र चांगले की वाईट हे त्याच्या दात्यांवरून ठरत नाही. ते कोणाच्या हाती आहे व कामकरी मोकळा आहे की बांधलेला, यावरून ठरते.

१८०७ च्या अखेरीस अमेरिकेने स्वतःच परदेशी व्यापार बंद केला व १८१२ साली इंग्लंडशी युद्ध जुंपले. बाहेरचे कापड येईनासे झाल्यामुळे गिरण्या भराभर निघाल्या. बोस्टनचे व्यापारी फ्रान्सिस कॅबट लॉवेल यांनी इंग्लंडात यंत्रमाग डोळ्यांखालून घातला होता. परत येऊन त्यांनी पॉल मूडी या कुशल कारागिराच्या साहाय्याने तो तयार केला, आणि वॉल्थम येथे १८१४ साली कताई व विणाई एकाच छपराखाली करणारी गिरणी चालू केली. युद्ध संपताच इंग्लंडचा साठलेला माल अमेरिकेच्या बंदरांत येऊन पडला व नव्या गिरण्या मोडकळीस आल्या. तेव्हा १८१६ चा जकातीचा कायदा झाला.

या कायद्यातील एक कलम हिंदुस्थानच्या वाचकाने बारकाईने पाहावे. सुती कापडावर जकात शेकडा २५; पण चौरस वारास २५ सेंटांहून कमी किमतीचे कापड आले, तर त्याची किंमत २५ सेंटच आहे असे धरून जकात घ्यावयाची. म्हणजे कितीही स्वस्त कापड असो, वारास सव्वासहा सेंट द्यावेच लागणार. २० सेंटांच्या कापडावर ही जकात शेकडा सुमारे ३१ पडे; ८ सेंटांच्या कापडावर शेकडा ७८ पडे. माल जितका गरिबाचा, तितकी जकात जबर! या कलमासाठी लॉवेल स्वतः राजधानीत खटपट करीत होते, आणि त्याचा मुख्य रोख होता हिंदुस्थानातून जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडावर. कारण वॉल्थमच्या मागावर त्याच जातीचे कापड निघत असे. आमच्या कोष्ट्याचा एक बाजार अशा रीतीने बंद झाला. आणि अमेरिकेतील ज्या गरीब शेतकऱ्याच्या अंगावर ते कापड असे, त्याने गिरणी उभारण्याची वर्गणी नकळत भरली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या कंपनीचे एक भागीदार नेथन ॲपलटन यांनी दिलेल्या माहितीप्रमाणे वॉल्थमचे जे कापड १८१६ साली वारास ३० सेंटांस विकले जाई, ते १८२९ साली साडेआठ सेंटांस व १८४३ साली साडेसहा सेंटांस मिळू लागले. यंत्र सुधारले, माणसे तयार झाली, माल स्वस्त झाला. यावरून गिरणीला हात देण्यात चूक नव्हती, असे म्हणता येईल. पण याच आकड्यांवरून दुसराही प्रश्न उत्पन्न होतो. मूल चालू लागल्यावर पांगुळगाडा काढून घ्यावयास नको काय? तो काढला गेला नाही. १८२४ साली जकात वाढली व १८२८ साली ती इतकी चढली की, जकातपात्र मालावर सरासरी शेकडा ६० च्या आसपास गेली. लोकर, ताग, लोखंड, ज्याचा त्याचा प्रतिनिधी आपापल्या मालाचे नाव यादीत घालून मोकळा झाला.

दक्षिणेकडील कापूसवाल्यांची तक्रार यातून जन्मास आली. त्यांचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात जगाच्या भावाने विकला जाई; तेथे त्यांना कोणाचेही संरक्षण नव्हते. कापड, कुदळी, दोरखंड मात्र घरच्या चढ्या भावाने घ्यावे लागत. शंभर गाठींपैकी चाळीस गाठी जकातीत जातात, असा हिशेब दक्षिण कॅरोलिनाचे प्रतिनिधी जॉर्ज मॅक्डफी यांनी मांडला. आकडा अतिशयोक्तीचा होता, परंतु रोख बरोबर होता. विकताना उघड्या बाजारात आणि घेताना बंद बाजारात, या दुहेरी कात्रीत सापडलेला शेतकरी आमच्या वाचकांच्या चांगल्या ओळखीचा आहे. १८१६ च्या जकातीस पाठिंबा देणारे कॅल्हून हेच पुढे तिचे कट्टर शत्रू झाले. नोव्हेंबर १८३२ मध्ये दक्षिण कॅरोलिनाने ही जकात आपल्या हद्दीत रद्द असल्याचे जाहीर केले. प्रकरण हातघाईवर येऊ लागले तेव्हा १८३३ साली हेन्री क्ले यांनी जकात हळूहळू शेकडा २० वर आणण्याची तडजोड घडवून आणली. १८४२ साली ती पुन्हा वाढविण्यात आली.

तथापि या मळेवाल्यांविषयी फार कळवळा येण्याचे कारण नाही. जकातीतला अन्याय त्यांना स्पष्ट दिसला. पण आपल्या शेतात राबणाऱ्याची सगळीच मजुरी आपण लुबाडतो, हे त्यांना दिसले नाही. त्यांच्या गाठींवर पहिला हक्क ज्या माणसांचा, त्यांचे नाव उत्तरेच्या हिशेबात नव्हते व दक्षिणेच्याही नव्हते. शेतकऱ्याच्या नावाने बोलणारा प्रत्येक जण राबणाऱ्याच्या वतीने बोलतो, असे समजू नये, हाही एक धडा येथे आहे.

उत्तरेकडील लहान शेतकऱ्यास या व्यवस्थेचा काही लाभ झाला, हे नाकबूल करता येत नाही. गिरणगावांत धान्य, दूध, लोकर यांस गिऱ्हाईक मिळाले. मेरिमॅक नदीकाठच्या लॉवेल शहरातील गिरण्यांत शेतकऱ्यांच्या मुली कामास गेल्या व त्यांच्या मजुरीने कित्येक घरांची ओढाताण कमी झाली. पण मजुरीत कपात होताच त्याच मुलींना १८३४ साली आणि घरभाड्याच्या वाढीमुळे १८३६ साली संप करावा लागला. गिरणीस मिळालेल्या संरक्षणाचा वाटा कामकऱ्यास आपोआप मिळत नाही. याच्या तुलनेने १८२५ साली पुरा झालेला ईरी कालवा पाहा. न्यू यॉर्क राज्याने कर्ज काढून ३६३ मैलांचा हा जलमार्ग बांधला व ते कर्ज पट्टीच्या उत्पन्नातून फेडले. बफेलोहून न्यू यॉर्कला एक टन माल नेण्यास पूर्वी सुमारे १०० डॉलर लागत, ते १० डॉलरांच्या आसपास आले. शेतकऱ्याचा माल बाजारात पोहोचला व गिरणीचा माल खेड्यात पोहोचला. खर्च किती, कोणी केला, कसा फिटला, सर्व वहीत लिहिलेले. आम्हांस हवे असलेले उघड साहाय्य ते हेच.

आता कोणी म्हणेल, जकात नसती तर अमेरिकेत गिरण्या टिकल्याच नसत्या. या प्रश्नावर विद्वानांत मतभेद आहेत व तो येथे सोडविण्याचे प्रयोजन नाही. टिकल्या नसत्या असे धरून चालू. तरीही वर्गणी भरणाऱ्यास वर्गणीचा आकडा कळू नये, मुदत कळू नये, आणि मुदत संपल्यावरही ती चालूच राहावी, हे त्यावरून न्याय्य ठरत नाही.

हा विचार आमच्या प्रांतास नवा नाही. फ्रेडरिक लिस्ट हे जर्मन अर्थशास्त्रज्ञ १८२५ पासून काही वर्षे अमेरिकेत राहिले, तेथील संरक्षणवादी पक्षात वावरले, आणि त्यांच्या ग्रंथाचा आधार घेऊन न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली पुण्यास डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. त्यानंतर चारच वर्षांनी, १८९६ साली, इंग्रज सरकारने येथील गिरण्यांच्या कापडावर शेकडा साडेतीन कर बसविला. तो लँकेशायरच्या गिरणीवाल्यांकरिता होता. स्वराज्य नसलेल्या देशास जकातीचे हत्यार कसे उलटे लागते, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी भोगले आहे. पण स्वराज्यातही हत्यार कोणावर चालते, हे पाहावेच लागते.

२०२१ साली परदेशी कापसावर एकंदर शेकडा ११ आयात शुल्क बसविण्यात आले. ते १९ ऑगस्ट २०२५ पासून उठविण्यात आले आणि ही सवलत पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत लांबविण्यात आली; म्हणजे वऱ्हाड, खानदेश, मराठवाड्याचा नवा कापूस बाजारात येण्याचा ऐन हंगाम तीत सापडला. अमेरिकेने आमच्या मालावर चढविलेल्या जकातीमुळे गिरण्या व कपड्यांचे कारखाने अडचणीत होते, हे खरे. त्यांस साहाय्य हवे होते, हेही खरे. पण हॅमिल्टन यांनी १७९१ सालीच दाखविलेली दुसरी वाट तेव्हाही मोकळी होती. देशी कापूस वापरणाऱ्या गिरणीस खजिन्यातून उघड साहाय्य द्यावे, म्हणजे गिरणीही जगते व कापूसवाल्याचा भावही पडत नाही. शुल्क उठविणे सोपे, कारण त्याची किंमत अंदाजपत्रकात दिसत नाही. ती शेतकऱ्याच्या पट्टीत दिसते.

यास्तव आमची मागणी थोडक्यात अशी आहे. कारखानदारीस जे साहाय्य द्यावयाचे, ते शक्य तेथवर खजिन्यातून, आकडा जाहीर करून द्यावे. जेथे जकातच योग्य असेल, तेथे तिची मुदत आरंभीच ठरवावी, आणि मुदतीअखेर माल किती स्वस्त व किती सुधारला याचा हिशेब लोकांपुढे ठेवावा. कच्च्या मालावरील शुल्कात फेरफार करण्यापूर्वी तो पिकविणाऱ्यांच्या संस्थांचे म्हणणे ऐकावे व ऐन हंगामात असा फेरफार करू नये. शेतकरी बंधूंनीही गिरणीचा द्वेष करू नये; ती आपल्या कापसाचे घर आहे. मात्र घर बांधण्यास आपण किती वर्गणी भरली, हे विचारण्याचा हक्क आपण सोडू नये. प्रत्येक सोसायटीने या हंगामातील आपल्या सभासदांच्या कापसाचे भाव तारीखवार लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी हा प्रश्न निघेल तेव्हा गिरणीवाल्यांच्या हाती आकडे असतीलच. आपल्याही हाती असले पाहिजेत.